रोज चारशे लिटर पाणी, तरी सुकणारे टोमॅटो : नाशिकच्या एका परसबागेचं उन्हाळी प्रकरण

मखमलाबाद भागातल्या एका बंगल्यामागची ही बाग. लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. त्यात १.२ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असे पाच वाफे, एकूण २४ चौरस मीटर. उरलेल्या जागेत पायवाटा, तुळस, कढीपत्ता आणि कडेचा शेवगा. एप्रिलच्या मध्यावर वाफ्यांत टोमॅटो, वांगी, भेंडी-गवार, पालक-कोथिंबीर आणि मिरची होती. पश्चिमेच्या कुंपणावर दोडक्याचा वेल. माती काळी, सुमारे दोन फूट खोल, खाली मुरूम. जमिनीला उतार थोडाच, पहिल्या वाफ्यापासून पाचव्यापर्यंत २० सेंटिमीटरचा.

तक्रार अशी होती : रोज पाणी घालूनही टोमॅटो आणि दोडका दुपारी माना टाकतात, टोमॅटोच्या फळांचं बूड काळं पडून दबतं, पालक वीतभर होण्याआधीच तुऱ्यावर येतो आणि मिरची पिवळी पडून एकेक झाड मरतं. घरच्यांनी निदानही करून ठेवलं होतं, पाणी कमी पडतंय. त्यामुळे पाणी वाढवलं गेलं. मिरची आणखी वेगाने मरू लागली.

नाशिकच्या उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंची असल्याने इथल्या रात्री जळगाव-धुळ्यापेक्षा सुसह्य असतात, त्यामुळे झाडांनाही तितका त्रास नसेल असं वाटतं. पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३८ ते ४० अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि वारा सुटतो. हिरव्यागार, जमीन झाकणाऱ्या पिकाला अशा दिवशी साधारण ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की बागेचा सगळा हिशेब तोंडी करता येतो. २४ चौरस मीटरला ६.५ मिलिमीटरप्रमाणे दिवसाला १५६ लिटर. रोपं लहान असतील तर याच्या निम्मंसुद्धा पुरतं.

मग प्रत्यक्षात किती जात होतं? पाइपाखाली १५ लिटरची बादली धरली, ती ५५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला सोळा लिटरच्या आसपास. पाणी घालायला रोज २५ मिनिटं लागत. गुणाकार केला की ४०० लिटर येतात, गरजेच्या अडीचपट.

पाणी जात कुठे होतं

याचं उत्तर खुरप्याने मिळालं. संध्याकाळी चार वाजता टोमॅटोच्या दोन झाडांमध्ये फूटभर खोल खड्डा घेतला. वरची चार-पाच सेंटिमीटर माती ओलसर, त्याखाली ढेकळं आणि बोट जाईल एवढ्या भेगा. बागेत अधूनमधून येणारे माळीदादा तेव्हा म्हणाले ते अचूक होतं : "काकू, वरून भिजलेलं दिसतंय, खाली कोरडं ठणठणीत आहे." पाचव्या वाफ्यात, मिरचीपाशी, तसाच खड्डा घेतला तर चिखल निघाला आणि त्याला आंबूस वास होता.

एकाच पाइपाने एक टोक उपाशी आणि दुसरं बुडालेलं. कारणं तीन होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिलं म्हणजे पाणी बागेला घातलं जात होतं, वाफ्यांना नाही. पाइप हातात धरून सगळीकडे फिरवला की पायवाटाही तितक्याच भिजतात. ४०० लिटर ४८ चौरस मीटरवर पसरले की वाट्याला येतात ८ मिलिमीटर. कोरड्या काळ्या मातीत एवढं पाणी पाच सेंटिमीटरच्या खाली जात नाही, आणि खड्ड्यात दिसलं तेही तेवढंच. वरच्या थरातलं पाणी उन्हाला थेट सापडतं. त्यात वेळ सकाळी अकराची, घरकाम उरकल्यावरची. झाडाने प्यायच्या आधीच बरंचसं उडून जात होतं.

दुसरं कारण काळ्या मातीचा स्वभाव. कोरडी झाली की ती आकसून भेगाळते, पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ मुरमात उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत शिरण्याचा वेग एकदम मंदावतो, तासाला काही मिलिमीटर इतकाच. पाइपाच्या जोरदार धारेने पृष्ठभागावर पापुद्रा धरतो तो वेगळाच. असं न मुरलेलं पाणी उताराने पाचव्या वाफ्यात जाऊन साचत होतं. मिरचीच्या मुळांना हवा मिळेना आणि मूळकूज सुरू झाली. कुजलेल्या मुळांचं झाडही सुकल्यासारखंच दिसतं, म्हणून त्याला आणखी पाणी घातलं जायचं.

तिसरं, रोजच्या उथळ पाण्यामुळे मुळंही उथळच राहिली. ओल जिथे तिथे मुळं. वरच्या दोन इंचांत पसरलेली मुळं दुपारी एकपर्यंत कोरडी पडतात, पुढचे पाच तास झाडाकडे काहीच शिल्लक नसतं.

टोमॅटोचं बूड काळं पडणं यातलंच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचला नाही की असं होतं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतो. नर्सरीवाले अशा वेळी कॅल्शियमची फवारणी हातात ठेवतात. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे डोळ्यांना दिसतात, कॅल्शियमचा तुटवडा सहसा नसतोच. तुटवडा असतो तो ओल टिकून राहण्याचा. फवारणीचा खर्च वाचवावा.

दुपारी पान लवलं म्हणजे झाड तहानलेलंच आहे असंही नाही. दोडका, काकडी, भोपळा यांची पानं मोठी, कडक उन्हात मुळं पाणी पुरवू शकत नाहीत तेवढ्या वेगाने ती पाणी सोडतात, म्हणून लोंबतात. संध्याकाळी सातपर्यंत ती सावरली तर काही करायचं नाही. तहान ओळखायची वेळ सकाळी सहाची. तेव्हाही पान मलूल असेल तर मात्र खड्डा घेऊन बघावा. वीतभर खालची माती मुठीत दाबली आणि तिचा लाडू वळला, अंगठ्याने चेपल्यावर न फुटता पसरला, तर ओल पुरेशी आहे. लाडू वळतो पण चेपल्यावर फुटतो, तर पाण्याची वेळ झाली. वळतच नसेल तर उशीर झालाय.

आधी जमीन, मग ठिबक

घरच्यांचा कल सरळ ठिबक बसवायचा होता. पण भेगाळलेल्या जमिनीवर ठिबक टाकली तर थेंब भेगेतच जातो. म्हणून आधीचे काही दिवस जमिनीच्या कामात गेले.

पाणी दोन दिवस पूर्ण बंद ठेवून मिरचीची गेलेली झाडं मुळासकट काढली. उरलेल्या झाडांच्या बुंध्याशी माती ओढून त्यांना वरंब्यावर घेतलं आणि पाचव्या वाफ्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला चर काढला. बाकी चार वाफ्यांना उलट केलं : कडेने ८ ते १० सेंटिमीटर उंचीचा बांध, म्हणजे वाफा पायवाटेपेक्षा खोल. उभ्या पिकात वाफे नव्याने खणायचे नसतात, मुळं तुटतात. बांध बाहेरून, पायवाटेच्या मातीने घालायचा. वाफ्याच्या दोन टोकांची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपाने बघून घेतली, डोळ्यांनी ती कळत नाही.

मग तीन-चार सेंटिमीटर खोल हलकी खुरपणी, आणि निघालेली भुसभुशीत माती शेणखतात मिसळून भेगांत भरली. त्यानंतर मुरवणीचं पाणी. एक फूट खोलीपर्यंतची कोरडी काळी माती पुन्हा भरायला साधारण ४० मिलिमीटर लागतात, म्हणजे चौरस मीटरला ४० लिटर. हे एका दमात दिलं तर साचतं. त्यामुळे निम्मं आज पहाटे, निम्मं परवा पहाटे. पाइपाच्या तोंडाला गोणपाट गुंडाळून तो वाफ्यात नुसता ठेवून दिला, धार मंद केली आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलली. मिरचीचा वाफा यातून अर्थातच वगळला. दुसऱ्या पाण्यानंतर एका दिवसाने घेतलेल्या खड्ड्यात ओल फूटभर खाली सापडली.

आच्छादन लगेच, ओल आहे तोवर. नाशिकमध्ये उन्हाळ्यात फुकट मिळणारी वस्तू म्हणजे रसवंतीवरची चिपाडं. ती ताजी टाकू नयेत. उरलेल्या गोडीला मुंग्या-माश्या येतात आणि आंबल्यावर वास सुटतो. चार-पाच दिवस कडक उन्हात पसरून वाळवावीत, कोयत्याने वीतभर तुकडे करावेत, मग ५ ते ७ सेंटिमीटरचा थर द्यावा. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो. उसाचं पाचट मिळालं तर ते जास्त चांगलं, चिपाडांपेक्षा नीट बसतं. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागांतून काड्यांचे ढीग निघतात, त्यांचाही मोह होतो. अख्ख्या काड्या भाजीच्या वाफ्यात उपयोगाच्या नाहीत, जमिनीला चिकटत नाहीत. कुट्टी करून कुजवल्या तर ठीक. वाळवीचा त्रास असलेल्या जागी कुठलंही आच्छादन दर आठवड्याला उचलून बघावं लागतं.

टाकीवरची ठिबक : इथेच बहुतेकांचं बिघडतं

बागेसाठी वेगळी ५०० लिटरची काळी टाकी विटांच्या चौथऱ्यावर ठेवली. टाकीचं बूड जमिनीपासून १.२ मीटरवर. भरलेली टाकी अर्ध्या टनाहून जड होते, त्यामुळे चौथरा पूर्ण तळाला आधार देणारा, वर शहाबादी फरशी टाकलेला हवा. लोखंडी स्टँडच्या दोन पट्ट्यांवर टाकी ठेवली तर उन्हाने मऊ पडलेला तळ वाकतो आणि कधीतरी चिरतो.

घरात आधीच ऑनलाइन मागवलेला ठिबकचा संच पडून होता. जोडला, नळ उघडला, थेंब आला नाही. त्यातले ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारे तुकडे, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग प्रकारचे होते, दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे. त्यांच्या आत रबराचा पडदा असतो आणि नीट चालायला सहसा अर्धा किलो किंवा त्याहून जास्त दाब लागतो. अर्धा किलो म्हणजे ५ मीटर उंचीचं पाणी. दीड-दोन मीटरवरच्या टाकीला ते जमणारच नाही. शेतात मोटारीवर उत्तम चालणारी वस्तू इथे निरुपयोगी ठरते. हा फरक विकत घेताना विचारून घ्यावा.

त्याऐवजी साध्या ड्रिपरची १६ मिलिमीटर इनलाइन लॅटरल, म्हणजे ड्रिपर आतच बसवलेली नळी घेतली, ४० सेंटिमीटर अंतरावर ताशी ४ लिटरचा ड्रिपर. पण पाकिटावरचे हे ४ लिटर १ किलो दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीला असतात. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. टाकी भरलेली असताना पाण्याची उंची साधारण २.२ मीटर, तेव्हा ताशी १.९ लिटर. टाकी संपत आली की १.२ मीटर, तेव्हा १.४. सरासरी १.६ धरायला हरकत नाही. दर वाफ्यात दोन लॅटरल, प्रत्येकीवर १० ड्रिपर, पाच वाफ्यांत मिळून १००. तासाला १६० लिटर. दिवसाची गरज १५६ लिटर निघाली होती, म्हणजे एक तास बरोबर पुरतो. कोणी २ लिटरचे ड्रिपर लावले तर तेवढ्याच पाण्याला दुप्पट वेळ लागेल, एवढाच फरक.

जोडणीत सांभाळायच्या गोष्टी :

टाकीनंतर लगेच बॉल व्हॉल्व्ह आणि १ इंची तोंडाचा जाळीचा फिल्टर, १२० मेशचा, म्हणजे जाळीत इंचाला १२० छिद्रं. पाऊण इंची घेऊ नये. कमी दाबावर फिल्टरमध्येच बराच दाब खर्च होतो आणि जाळी थोडी तुंबली तरी शेवटचा वाफा कोरडा राहतो. मेनलाइन २५ मिलिमीटरची, टाकीपासून सतत उतरत जाणारी. मध्ये कुठे कमान आली की तिथे हवा अडकते आणि पुढचं पाणी थांबतं. मोटार असती तर तिने हवा ढकलून दिली असती, टाकी ढकलत नाही. म्हणून पहिल्यांदा पाणी सोडताना सगळ्या लॅटरलची टोकं उघडी ठेवून, गाळ आणि हवा निघून गेल्यावर एकेक एंड कॅप (टोकाचं टोपण) लावली. प्रत्येक वाफ्याला वेगळी चावी. हा खर्च टाळू नये, कारण मिरची आणि दोडका यांना एकाच मापाने पाणी देता येत नाही.

लॅटरल आच्छादनाखाली, पण मातीच्या वर. पुरली तर मुळं आणि माती ड्रिपरमध्ये शिरतात. उघडी ठेवली तर उंदीर-खारी कुरतडतात आणि आतलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. त्याच कारणाने दुपारी चावी उघडायची नाही.

चाचणी वाट्यांनी. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून १५ मिनिटं थांबायचं. ४०० मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. शेवटच्या वाटीत पहिलीच्या पाऊणपटही नसेल तर पाइप दुमडलाय, हवा अडकलीय किंवा ड्रिपर तुंबलाय. नाशिकच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग धरणारं, आणि तोच थर ड्रिपरमध्ये बसतो. आठवड्यातून एकदा फिल्टर धुवून लॅटरलची टोकं मिनिटभर उघडली की बराच काळ निभतं.

वेळ पहाटे साडेपाचची. काळ्या मातीत रोज एक तास देण्यापेक्षा एक दिवसाआड दोन तास दिल्यावर ओल जास्त खोल गेली, म्हणून तीच पाळी ठरली : ३२० लिटर, एक दिवसाआड. आधीच्या दोन दिवसांच्या ८०० लिटरच्या जागी. मिरचीची चावी तासाभराने बंद, गवार-भेंडीचा वाफा एक पाळी सोडून. गवारीची मुळं खोल जातात, तिला जास्त पाणी दिलं की नुसता पाला वाढतो. दोडक्याची मुळं वाफ्याबाहेर, कुंपणाकडे होती. तिथे ठिबक न नेता पाच लिटरचे दोन नवे मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरले आणि वर झाकणी ठेवली. दर दोन-तीन दिवसांनी भरायचे. रंग दिलेला किंवा चकचकीत माठ चालत नाही. दुकानातच पाणी भरून बघावं, बाहेरून घाम फुटला तरच घ्यावा.

पाणी आणायचं कुठून

शहराला पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून येतं, आणि पाऊस लांबला की एप्रिलनंतर कपातीची चर्चा सुरू होतेच. नळाचं पिण्याचं पाणी बागेला घालणं तेव्हा शोभतही नाही. या घरी बोअर होती, पण मे महिन्यात ती दिवसाला जेमतेम तासभर चालायची. तेवढ्यात टाकी भरत होती.

सांडपाण्याबद्दल बरेच सल्ले फिरतात, त्यात निवड करावी लागते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी सरळ वाफ्यात घालावं, फक्त ठिबकच्या टाकीत नको, स्टार्चने फिल्टर बुळबुळीत होतो. अंघोळीचं पाणी शेवगा, कढीपत्ता, केळ यांना, त्याच दिवशी, साठवून न ठेवता. कच्च्या खायच्या पालेभाजीला नाही. वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी कुठेच नको. डिटर्जंटमधला सोडियम काळ्या मातीची घडण मोडतो, माती चिकट होऊन पाणी मुरणं आणखी कमी होतं. एकदा तसं झालं की दुरुस्तीला वर्षं जातात. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी चांगल्या पाण्यात निम्मं मिसळून भेंडी-वांग्याला चालतं. मूळचं बोअरच खारट असेल तर तेही टाळावं.

काय सुधारलं, काय नाही

पंधरवड्यात टोमॅटोची मरगळ गेली. ज्या फळांचं बूड आधीच काळं होतं ती सुधारत नसतात, ती तोडून टाकली. नंतर धरलेली फळं स्वच्छ आली. वांग्याला नवी फूट आली.

पण टोमॅटोची फुलगळ थांबली नाही, आणि ती पाण्याने थांबणारही नव्हती. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं की पराग नीट काम करत नाहीत. पश्चिमेकडून ३५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावल्यावर थोडा फरक पडला. त्याहून दाट नेट फळभाजीला लावली तर झाडं उंच-किडकिडीत होतात. पालकाला मात्र ५० टक्क्यांची नेटही वाचवू शकली नाही. मोठा दिवस आणि उष्णता असली की तो तुऱ्यावर येणारच. तो उपटून तिथे राजगिरा आणि चवळी टाकली, ती उन्हाला दाद देत नाहीत. कोथिंबीर फक्त एक चौरस मीटरवर, नेटखाली, हाताच्या झारीने.

मे महिन्याच्या शेवटी बोअर आणखी आटली आणि तीन दिवसांत एकदाच टाकी भरू लागली. पाचशे लिटर तीन दिवसांना, म्हणजे दिवसाला १६५. हिशेब काठावर बसत होता, त्यात बोअरने एखादा दिवस दगा दिला की संपलं. तेव्हा सगळ्यांना थोडं थोडं कमी न देता दोन महिने तोडे झालेल्या टोमॅटोचा वाफाच काढून टाकला. फुलोऱ्यातल्या वांग्याला आणि भेंडीला पूर्ण पाणी मिळालं. अर्धपोटी ठेवलेल्या पाच वाफ्यांपेक्षा पोटभर प्यालेले चार वाफे जास्त भाजी देतात.

अवकाळी पाऊस झाल्यावर पाळी किती सोडायची हे सरळ बाजूंच्या पत्र्याच्या डब्यात साचलेलं पाणी पट्टीने मोजून ठरवलं. १३ मिलिमीटरला एक पाळी सोडायची. ३-४ मिलिमीटरची सर हिशेबात धरायची नाही, ती आच्छादनातच जिरते.

जूनमध्ये पाऊस नीट लागल्यावर लॅटरल काढल्या, टोकं उघडून पाणी काढून टाकलं आणि गुंडाळी करून सावलीत टांगल्या. टोकांना कापडाचे बोळे, नाहीतर आत मुंग्या घर करतात. उरलेली चिपाडं वाफ्यातून ओढून खताच्या खड्ड्यात टाकली. पावसात ती तशीच राहिली तर खाली गोगलगायी होतात आणि नवी रोपं एका रात्रीत फस्त करतात.